एकच फळी

परवा लेकीसाठी पोहण्याचा चष्मा घ्यायला दुकानात गेले आणि नव्या रबराचा वास आला. त्या वासानं मला थेट सिद्धेश्वर धरणाच्या काठावर नेलं, बाबांच्या शेजारी.

माझी ताई पोहण्यात तरबेज. बोटीमागं फळीवर उभं राहून पाणी कापत जायचा खेळ शिकवायला एक सर आले होते आणि त्यांनी तिला निवडलं होतं. बाबांचा मात्र त्या माणसावर काडीचा विश्वास नव्हता.

"फळी एकच काहून? दुसरी कुठं गेली?"

"या खेळात दोन्ही पाय एकाच फळीवर असतात, काका."

"अन् दोर बोटीच्या मधात काहून बांधला?"

"मागं बांधला तर ओढ बसून बोट भरकटते."

बाबांनी फळीवरच्या रबरी बुटात ताईला पाय घालायला लावला आणि तो ओढून पाहिला. निघेना.

"पडल्यावर पाय सुटला न्हाई तर मोडंल की लेकराचा!"

सरांनी बूट सैल केला. बाबांनी पुन्हा पुन्हा ओढून खात्री केली. सगळे बघत होते; मला लाजेनं मान वर करवत नव्हती. आज तोच संशय मला मायेसारखा वाटतो.

बोट सुटली. ताई उभी राहिली, झोकात वळली आणि धाडकन पडली. फळी एकीकडं, ती दुसरीकडं, हसत वर आली. काठावर टाळ्या वाजल्या.

बाबा कपड्यांसकट छातीभर पाण्यात उभे होते. त्यांना पोहता येत नव्हतं.