बांधाच्या आतले शेकाटे

थंडीतल्या रविवारी मला घरात थांबवणं अजून कुणाला जमलेलं नाही. त्याही रविवारी नाश्त्याचा प्रश्न नवऱ्यावर सोपवून मी रोह्याहून पहिली एसटी पकडली आणि पेणजवळच्या खाडीकाठच्या माहेरी जाऊन थडकले. गळ्यात कॅमेरा, डोक्याला मफलर. एसटीतल्या एका बाईंनी मला कुठल्याशा चॅनेलवाली समजून रस्त्यांची तक्रारही सांगून टाकली.

दादा ओटीवर आडवा पडला होता. भात झोडताना त्याच्या कमरेत उसण भरली होती. वहिनी डोलवीला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, सकाळच्या शिफ्टला.

"आली पाखरांची मावशी," दादा म्हणाला. "मानसांचे फोटो कंदी काढशील गो?"

"माणसं पोट आत घेईपर्यंत उजेड जातो, दादा."

पडून पडून कंटाळलेला, म्हणून काठी टेकत तोही माझ्यामागे बांधावर आला. आमच्याकडे खाडी आणि शेती यांच्यामध्ये हा मातीचा बांध असतो. बाहेर खारं पाणी, आत भाताचं शेत. एकदा का खारं पाणी आत साचलं, की दोन-तीन पावसाळे तरी त्या जमिनीत भात होत नाही. दादाचं सगळं शेत या बांधाला लागूनच आहे.

भरती चढायला लागली होती. उरलेल्या चिखलावर तुतवार लगबगीने पळत होते, एक कुरल आपली लांब वाकडी चोच खुपसून निवांत जेवत होता. दादाला मी दोनदा दटावलं. पक्षी उडतात म्हणून त्याने खोकायचंसुद्धा नाही, असा माझा हुकूम. मग मान वळवली, तर शेकाटे! गुलाबी काड्यांसारखे पाय, पायांखाली स्थिर पाणी, पाण्यात त्यांची उलटी प्रतिबिंबं. असा फोटो मला कधीपासून हवा होता. मी अधाशासारखी बटण दाबत सुटले.

आणि मधेच बोट थांबलं. खाडी माझ्या पाठीमागे होती. हे पक्षी उभे होते ते आमच्या शेतात, आणि कापणीनंतर त्या शेतात भेगा पडलेल्या असायला हव्या होत्या.

"दादा, आपल्या शेतात पाणी हाय."

आम्ही बांधाच्या कडेने पाहत गेलो. चिंबोरीने पोखरलेलं एक बीळ रात्रीच्या भरतीत चांगलं घागरीच्या तोंडाएवढं झालं होतं, आणि त्यातून पाणी आत घुसत होतं. त्यात पौर्णिमेचं उधाण. दुपारपर्यंत भोक बुजलं नाही तर बांध फुटणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"खांड गेली!" दादा गावाकडे तोंड करून ओरडला. शेकाटे भुर्रकन उडाले, आणि मला त्यांच्याकडे बघायचंही सुचलं नाही.

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड; ही हाक ऐकली की घरटी एक माणूस बांधावर येतो. भांडणं असतील तर ती घरी ठेवून येतो. माणसं आली ती घमेली, फावडी, पेंढ्याचे भारे घेऊनच. रीत अशी, की ज्याचं शेत त्याच्या घरचा माणूस सगळ्यात पुढे, भोकाच्या तोंडाशी. दादा उतरायला गेला आणि कळवळून खालीच बसला. मी कॅमेरा काढून त्याच्या गळ्यात अडकवला आणि चिखलात उतरले.

"अगो बाय, पाहुनी तू! वर ये!" बायका ओरडल्या.

पाहुणीने ऐकलं नाही. हातोहात येणारा पेंढा मी भोकात कोंबत होते, वर चिखल थापत होते, आणि पाणी सगळं परत अंगावर फेकत होतं. थंडीत खाडीच्या पाण्यात कंबरभर उभं राहायचा सल्ला मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही. मी इतकी घाबरले होते की तोंडाने सारखी बडबडत होते. हळूहळू पेंढा धरून राहायला लागला. भरती पूर्ण चढली, बांधाला घासली, आणि भोकातून नुसता ओलावा झिरपत राहिला. मग पाणी उतरायला लागलं. आतलं पाणी दिवसभरात बाहेर काढता येण्याएवढंच होतं. शेत वाचलं.

काम झालं की गावातले एक म्हातारे काका प्रत्येक घराची हजेरी तोंडी घेतात. ते दादापाशी थांबले.

"तुज्या घरचा मानूस कोन उतरला?"

"ती काय," दादाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ती रोह्याची."

"रोह्याला ऱ्हाते," दादा म्हणाला. "मानूस आमच्या घरचा."

काकांनी मान डोलावली आणि पुढच्या घराकडे वळले. मला एकदम रडूच फुटलं, आणि हात कोपरापर्यंत चिखलाचे, त्यामुळे डोळे पुसताही येईनात.