आठ पत्रे पाठवावीत

रस्त्यात कोणी हातात पत्रक दिलं, तर तुम्ही ते वाचता, की घरी नेऊन त्यात शेंगदाणे बांधता?

आमच्या घरात पत्रकं वाचायची असत. वडील ती जमवायचे आणि काही स्वतः छापायचेही. शाळेत जायच्या आधी त्यांनी मला अक्षरओळख करून दिली ती एका पत्रकावरच. गावच्या आडावर सगळ्यांना पाणी भरू द्या, असं सांगणारं त्यांचं स्वतःचं पत्रक होतं. मी लिहिलेला पहिला शब्द 'पाणी'. वडील गेले, तेव्हा मागे रहिमतपूरच्या घरातल्या मधल्या खोलीत छतापर्यंत गठ्ठे राहिले.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात बहीण पहिल्या बाळंतपणाला यायची ठरली. आईनं गठ्ठ्यांकडे बोट केलं.

"बाळंतिणीची बाज हितं पडणार. कागद हलीव, न्हाईतर बंबात घालते."

"आई, हे विचार हायती."

"व्हय. पानी चांगलं तापंल."

परसात लाकडी खोली उभी करायची आणि पाऊस पडायच्या आत गठ्ठे तिथं न्यायचे, असं ठरलं. आईनं अट घातली, की एक थेंब आत आला तरी बंब.

मी मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, सागवान घे. मी म्हणालो, सागवान वाडेवाल्यांचं लाकूड, ते मी वापरणार नाही. त्यांनी बाभळीचं दाखवलं. ती बाभळ पाटलांच्या बांधावरची निघाली, आणि पाटलांच्या विरोधात मी तीनच महिन्यांपूर्वी पत्रक काढलं होतं. मग त्यांनी आंब्याच्या फळ्या काढल्या. त्यातल्या निम्म्या मोडलेल्या देव्हाऱ्याच्या होत्या.

"गड्या," मिस्त्री रंधा खाली ठेवत म्हणाले, "तुला तत्त्वाचं लाकूड पायजे. ते आमच्या धंद्यात येत न्हाई."

शेवटी एसटी स्टँडजवळचं एक रिकामं खोकं मिळालं. पानपट्टीचं. तंबाखूविरुद्ध मी चार पत्रकं लिहिली होती, आणि आता ती ठेवायला मी पानाचं दुकान घरी आणत होतो. मी मनाची समजूत घातली, की ही शत्रूची चौकी आहे आणि आपण ती जिंकली आहे.

दुसऱ्याच दिवशी सकाळी गल्लीतल्या पेन्शनर सुभेदारांनी त्या चौकीची फळी वाजवली.

"दोन विड्या अन् काडेपेटी."

मी त्यांच्या हातात तंबाखूविरोधी पत्रक ठेवलं. त्यांनी ते घडी घालून खिशात टाकलं. दोन दिवसांनी पुन्हा आले.

"कागद लय जाड हाय रं तुजा. इडी वळत न्हाई."

खोक्याला छप्पर नव्हतं. मालकानं पत्रा काढून नेला होता. माझे मामा मिरजेला राहतात. ते निवृत्त मराठी शिक्षक. त्यांच्या शेजारी पत्र्याची वखार आहे, आणि मिरजेहून रेल्वेनं माल एका दिवसात येतो. मी त्यांना कार्ड टाकलं. पत्रकांवर वाढलेल्या माणसाची एक खोड असते, मागणी करायची, कारणं द्यायची नाहीत. मी लिहिलं, "पावसापूर्वी आठ पत्रे पाठवावीत. तातडीचे आहे."

मग आम्ही कामाला लागलो. भिंतींना बाहेरून जळकं ऑइल दोनदा फासलं. रस्त्याच्या कामावर उरलेलं डांबर मिस्त्रींनी पिंपातून आणलं. त्यात सुतळी भिजवून फटींमध्ये ठोकली. छपराला साध्या फळ्या मारल्या आणि पत्र्यांची वाट पाहत बसलो.

चौथ्या दिवशी मामांचं पाकीट आलं. "तुझ्या इच्छेनुसार आठ पत्रे पाठवीत आहे. हे पहिले." त्यात माझ्या तब्येतीची चौकशी होती. दुसऱ्या दिवशी दुसरं आलं, त्यात लग्नाचा विषय होता. तिसऱ्यात ऱ्हस्वदीर्घाबद्दल चार शब्द होते. मला मुद्दा तेव्हा कळला. पत्रे 'पाठवावेत' म्हटलं असतं तर छपराचे आले असते. मी 'पाठवावीत' लिहिलं होतं, आणि मामा जन्मभर व्याकरण शिकवत आलेले. मी तार करणार होतो, पण तेवढ्यात पूर्वेला ढग धरले आणि बहिणीचा निरोप आला, की सोमवारी येते.

मिस्त्री म्हणाले, "डांबरावर गोणपाट चिकटवत्यात. गोणपाट न्हाई तर कागद. कागद तर तुज्याकडं रग्गड."

मी रात्रभर विचार केला नाही, कारण वेळ नव्हता. ज्यांच्याशी माझं आता पटत नव्हतं, ती पत्रकं आधी दिली. मिस्त्रींनी डांबर फासलं, त्यावर ती अंथरली, पुन्हा डांबर.

"आजून कागद दे."

मग अशुद्ध छपाईची दिली. मग ज्यांच्या जादा प्रती होत्या ती. चौथ्या थराला मी निवडायचं सोडून गठ्ठेच वर फेकायला लागलो.

सोमवारी सकाळी आई घागर घेऊन आली.

"आत बस," ती म्हणाली.

मी उरलेली पत्रकं मांडीवर घेऊन आत बसलो. तिनं स्टुलावर चढून छपरावर पाच घागरी ओतल्या. एक थेंब आत आला नाही. मग तिनं फळी उचलून डोकावलं.

"ऱ्हायलं किती?"

मी मांडीवरचा गठ्ठा दाखवला. तो एकच होता.

"ह्ये तर माज्या ट्रंकंत मावलं असतं."

ती गेल्यावर मी वर पाहिलं. छपराच्या दोन फळ्यांमधल्या फटीत डांबर पोचलं नव्हतं, तिथं छापलेली एक ओळ दिसत होती. "वाचून झाल्यावर दुसऱ्यास द्यावे." ती वडिलांच्या आडाच्या पत्रकाची शेवटची ओळ होती, ठसाही त्याचाच. मी घाईघाईनं मांडीवरचा गठ्ठा उलगडला. ते त्यात नव्हतं. पाणी सगळ्यांचं म्हणणाऱ्या कागदानं पाणी अडवलं होतं, आणि त्याची दुसरी प्रत घरात उरली नव्हती.

त्याच दुपारी मामांचं आठवं पत्र आलं. "तू खोके घेतल्याचे तुझ्या आईकडून कळले. छपराला पत्रे लागल्यास निःसंकोच कळव."

ते खोकं अजून परसात आहे. भाच्याची दुपटी त्या पावसाळ्यात तिथंच वाळली. उरलेला गठ्ठा ट्रंकेत आहे, आणि ट्रंक आईच्या बाजेखाली.

तुमच्या माळ्यावर, जुन्या वहीत किंवा डब्याच्या तळाशी आडाच्या पाण्याचं असं एखादं पत्रक असेल, ज्याच्या शेवटी ती ओळ असेल, तर कृपा करून आज एकदा शोधा. सापडलं तर आधी वाचा, मग मला द्या. ही मागणी नाही, विनंती आहे, आणि या वेळी मी कारणही दिलं आहे.