मक्यातली वाट

हार्लन क्रेब्सशी वाद घालायचा म्हणजे स्वतःचंच डोकं उठवून घ्यायचं. मी त्याचा जन्माचा शेजारी, मला विचारा. आमच्या अर्कान्सासात बदकं यावीत म्हणून मका पेरून शेतात पाणी सोडतात, आणि त्यातला कायदा ह्याला तोंडपाठ. मका उभा ठेवा, पाणी सोडा, खुशाल शिकार करा. रीतसर काढून घरी न्या, उरल्यासुरल्या दाण्यांवर बदकं आली तरी हरकत नाही. पण उभं पीक नुसतं आडवं पाडलंत, की ते आमिष झालं. तिथं बंदूक उचलायची नाही. कॉफी प्यायला बसलेल्यांना हे तो न विचारता ऐकवायचा.

सख्ख्या भावालाही त्यानं सोडलं नाही. डॉयलनं मक्यात मशीन घालून उभं पीक पाडलं, तर ह्यानं स्वतः फोन करून शिकारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी वॉर्डनला बोलावलं. डॉयलला दंड झाला, शिकारीचा परवाना गेला. पुन्हा तो हार्लनच्या घराची पायरी चढला नाही. मेला तेव्हाही दोघांत अबोलाच होता. "कायदा तो कायदा," एवढंच हार्लन म्हणाला. मला तेव्हा त्याचा राग आला होता, आजही येतो.

यंदा त्याचे गुडघे पार गेले आणि डोळ्यांपुढे धुकं आलं. डॉक्टरनं सांगून टाकलं, पुढच्या हंगामात बदक दिसायचं नाही. म्हणून ह्या हंगामाचा पहिला दिवस त्याला हवाच होता. उन्हाळ्यापासून दुसरा विषय नाही.

त्या दिवशी त्याची मुलगी मार्लीस आणि मी त्याला धरून बांधावर नेलं. उजाडलं, तशी मक्याच्या मधोमध, थेट लपायच्या खोपटापर्यंत गेलेली वाट दिसली. कणसं पाण्यात पडलेली आणि त्यांच्यावर बदकांची ही गर्दी!

"पाणी सोडायच्या आधी ट्रॅक्टर फिरवून घेतला, बाबा," मार्लीस हौसेनं म्हणाली. "ताटांत अडखळून पडला असतात. आता हात धरून नेते तुम्हाला."

म्हटलं, झालं! आता पोरीची धडगत नाही. हार्लननं बंदूक पिशवीतून अर्धी काढली होती. ती त्यानं परत आत सारली.

"गुडघा फार ठणकतोय गं. इथूनच बघतो."

"असं काय करता, बाबा? वर्षभर वाट पाहिलीत ना!"

"दिसतायत मला. पुष्कळ झालं. जा, गाडीतली कॉफी आण."

ती गेल्यावर मी म्हणालो, "अख्ख्या गावाला कायदा शिकवतोस, मग पोरीला का नाही सांगितलंस?"

त्यानं बंदुकीच्या पिशवीचा बंद आवळला.

"डॉयलनंही वाटच केली होती," तो म्हणाला. "आमच्या म्हाताऱ्या बापाला काठी टेकत जाता यावं म्हणून. ओरडून ओरडून सांगत होता मला. मला वाटलं, बहाणे करतोय."

मार्लीस कॉफी घेऊन आली. त्यानं चाचपडत तिचा हात धरला.

"वाट छान काढलीस हो, पोरी," म्हणाला.