गेटवर विचारून केलेली कमांड

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बोईसरच्या आमच्या कारखान्यात बेटेगावचा एक कंत्राटी माणूस सर्व्हर सांभाळायचा. रोज सकाळी तो आधी गेटवर थांबलेल्या ट्रक ड्रायव्हरांशी बोलायचा, मग दोन बोटांनी टाइप करत स्वतःची छोटीशी कमांड सुधारायचा. ती चालवली की वजनकाट्याच्या किती पावत्या अडकल्यात, ते एका ओळीत कळायचं. मी तिथला आयटी प्रमुख; सर्व्हरवर नजर ठेवायला मी बसवलेल्या महागड्या आलेखांत तेव्हाही सगळं हिरवंच असायचं.

"सायब, सर्व्हर बरा हाय का, ते सर्व्हरला नाय, डायवरला इचारायचं," तो हसून म्हणाला. मी आतून जळलो.

त्याचं कंत्राट वाढवायचं की नाही, ते ठरायच्या दिवशी मोठ्या साहेबांनी पडद्यावरची ती एक ओळ पाहून विचारलं, "ही कमांड कुणाची?"

"माझी," मी म्हणालो. तो शेजारीच उभा होता. कंत्राट वाढलं नाही.

साहेबांना खरं सांगणं आणि त्याची माफी मागणं, दोन्ही अजून बाकी आहे.