महिनाभर पुरवलेलं पुस्तक

लाईनमनकाकांना घाई अशी नव्हतीच. लाखनीत ते आमच्या शेजारी राहत. विजेच्या खांबांवर चढण्यात उभी नोकरी गेली, पण बंद तारेलाही आधी चालू समजायची सवय सुटली नाही. "तार गप आहे म्हून बंद आहे असं नाही," म्हणायचे, आणि माणसांनाही हाच नियम लावायचे. मी पडले घाईची. रहस्यकथा हातात आली की शेवटचं पान आधी पाहणारी.

त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर वाचायला बंदी आली. वाचनालयातली एक जाडजूड रहस्यकथा रोज दुपारी वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पुस्तकात चार म्हातारे मित्र, जुनं काहीतरी लपवून बसलेले. शंभर पानं झाली तरी आपले चहाच पिताहेत. मला एका जागी बसवेना.

"काका, शेवट पाहू का?"

"काहून? कोनं केलं ते मले मालूम आहे. कसे लपवतेत ते आयकू दे."

आठव्या दिवशी कारध्याचे नामदेवभाऊ अचानक गेले. काकांचे लाइनवरचे सोबती, रोज सकाळी न चुकता फोन करणारे. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, डोळ्याला ताण नको, रडणं मुळीच नको. काकू आणि काकांचे दोन मित्र यांनी मिळून ठरवलं, महिन्यानं डोळ्याची तपासणी होईपर्यंत सांगायचं नाही. नामदेवभाऊ मुलाकडे हैदराबादला गेलेत आणि त्यांचा फोन बिघडलाय, असं काकांना सांगितलं. मलाही शपथ घातली.

मग ते पुस्तक माझ्याच्यानं वाचवेना. मित्र मित्राशी खोटं बोलला की मी अडखळायचे. एकदा अशी दोन पानं गपकन उलटली.

"गाळलं तू काहीतरी," काका काळ्या चष्म्याआडून म्हणाले. "गोष्ट उडी मारून राहिली. वाच. खोटं बोलनाऱ्याले का कमी तरास असते, माय?"

मी ती दोन पानं मागे उलटली. वाटलं, सांगून मोकळं व्हावं. पण डोळ्याचं काही बरंवाईट झालं तर? घरी आले तरी जिवाला चैन नसे. त्यात काकांनी नवीनच खोड धरली, वाचलेलं पान पुन्हा वाचायला लावायचे. मला वाटे, विसरतात बिचारे.

तपासणी झाली. डोळा ठणठणीत, आता सगळं चालेल, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर काकू चहाच्या निमित्तानं आत गेल्या त्या बाहेरच येईनात. सांगायचं कोणी, हेच ठरलं नव्हतं. मी आपलं पुस्तक उघडलं. काकांनी ते माझ्या हातातून घेऊन मिटलं.

"हार्टनं गेला का नामदेव?"

मी कशीबशी मान हलवली.

"त्या दिवशी हैदराबादचं सांगाले ते दोघं दोस्त चार वाजता घरी आले. दोघायचेबी केस ओले. कोनाच्या मातीले गेल्याबिगर त्या वक्ती कोन आंघोळ करते?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी सारे माह्या डोळ्यासाठी जीव तोडून राहिले होते. पुस्तक सरलं असतं तं दुपारभर नामदेवच दिसला असता. म्हून पुरवून पुरवून आयकलं."

त्यांनी चष्मा काढला.

"आता रडलं तं चालते ना?"

"चालते, काका," मी म्हटलं, आणि त्यांच्याआधी मीच रडायला लागले.