शुक्रवारची काडेपेटी

कंपाउंडरकाका दिवा लावायचे आणि लगेच त्याच्याकडे पाठ फिरवायचे. टोकावड्याच्या दवाखान्यामागे त्यांची खोली, शेजारी माझी. मी तेव्हा शाळेवर नवा मास्तर. न राहवून एकदा विचारलंच. म्हणाले, "गुरुजी, ज्योतीत काय बघायचं? आमच्या हिब्रू पोथीत शब्द आहे, नोगा. देवाभोवतीचं तेज. देव कुणाला दिसत नाय. त्याचं तेज ज्याच्यावर पडतं, तेवढंच दिसतं." आणि भिंतीकडे बघत बसले. मला वाटलं, म्हातारा जरा चक्रमच आहे.

काका बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत शब्बाथचा, त्यांच्या विश्रांतीच्या वाराचा, दिवा लावायचे. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विस्तवाला हात नाही. सवयीने चूक होऊ नये म्हणून काडेपेटी माझ्या हवाली करायचे. गावात त्यांच्या धर्माचं दुसरं कुणी नव्हतं, विचारणार कोण? पण नेम म्हणजे नेम.

अशाच एका शुक्रवारी, दिवा नुकता लागला होता, कातकरवाडीचा लहान्या लेकीला खांद्यावर घेऊन धावत आला. "काका, पोरीला पान लागलाय!" साप चावला की तिकडे असंच म्हणतात. पोरीचे डोळे मिटत होते. डॉक्टर मुरबाडला गेलेले. औषध कपाटात होतं, पण सुई उकळायला स्टोव्ह पेटवायला हवा. "तुम्ही हात लावू नका, मी पेटवतो," म्हणत मी काडेपेटी आणायला खोलीकडे पळालो. घाईत कुलूप उघडेना.

परत आलो तर स्टोव्ह फुरफुरत होता. काकांनी शब्बाथच्या दिव्यावरच कागदाची सुरळी पेटवली होती.

"काका, तुमचा नेम..."

"जीव जात असताना विस्तव दुसऱ्याकडून पेटवून घ्यायचा नसतो, गुरुजी. हा पण नेमच. पोरीचा हात धरा."

सुई टोचली. मग वाट बघणं. लहान्या उंबऱ्यात बसून नुसता "गो बाय, गो बाय" करत होता. काका दिव्याकडे पाठ करून पोरीच्या तोंडाकडे बघत होते, भिंतीकडे बघायचे तसेच. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी तिचे ओठ हलले. "बाबा, पानी." काकांनी डोळे पुसले. मी त्यांना चक्रम समजलो होतो, त्याची मला लाज वाटली.

पुढे मुलाने त्यांना इस्राएलला बोलावून घेतलं. एका गुरुवारी एस.टी.त चढताना त्यांनी माझ्या हातात काडेपेटी ठेवली. "उद्याची," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या रिकाम्या खोलीत मी दिवा लावला आणि पाठ फिरवली. दारात लहान्याची लेक उभी होती, पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन. उजेड तिच्या तोंडावर पडला होता. काका गेल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.