फाटकाजवळचं वळण

माझे बाबा एकोणीस वर्षं ट्राम चालवत होते आणि त्या एकोणीस वर्षांत त्यांनी ती एकदाही वळवली नाही. वळवायचं काम रुळांचं. बाबांनी फक्त उभं राहायचं, डाव्या हातानं वेगाची मूठ फिरवायची, उजव्या हातानं ब्रेक सांभाळायचा आणि कोणी मध्ये आलंच तर पायाखालची घंटा दाबायची. ते म्हणायचे, "आपण कुठे जातो? आपण उभे असतो. गाव येतं आपल्याकडे."

लहानपणी पहिल्या बाकावर बसून मी ते गाव येताना पाहिलं आहे. दुकानांच्या पाट्या, वाळत घातलेल्या चादरी, कोणाच्या तरी खिडकीतलं मांजर, सगळं काचेपाशी यायचं आणि न बोलता बाजूला व्हायचं. सगळ्यात छान वळण डेपोच्या फाटकाजवळचं. तिथे रूळ डावीकडे वळायचे. बाबा मूठ मागे घ्यायचे, हात सैल सोडायचे आणि ट्राम आपली आपण वळून शेडच्या सावलीत शिरायची. मला तिथे हटकून झोप यायची.

मी बारा वर्षांची असताना ट्राम बंद झाल्या. डेपो तोच राहिला, बसगाड्यांना दिला एवढंच. वरच्या तारा काढल्या, पण छताचे आकडे राहिले आणि त्यांवर कबुतरं बसू लागली. शेडचे दरवाजे ट्रामच्या मापाचे, उंच आणि अरुंद. आरसे दुमडल्याशिवाय बस आत जायची नाही. रूळ उपटायला कोणाला सवड नव्हती. ते फरशीत तसेच राहिले, आणि फाटकाबाहेरच्या रस्त्यातही.

ट्रामच्या चालकांना सांगण्यात आलं की बस शिका. परीक्षा तीनदा देता येईल. पास होईल तो चालक, नापास होईल त्यानं शेडमध्ये मिळेल ते काम करायचं. बाबांना फार काही नको होतं. त्यांना पुढच्या काचेपाशी राहायचं होतं.

"बसून कसलं आलंय चालवणं," असं कुरकुरत ते पहिल्या परीक्षेला गेले. फाटकाजवळ आल्यावर त्यांनी वेग कमी केला, हात सैल सोडले आणि वाट पाहिली. बस सरळ गेली आणि समोरच्या भिंतीला नाक टेकवून उभी राहिली. कोणाला काही लागलं नाही. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "अहो, वळवायची कोणी?"

"ती वळेल म्हणून थांबलो होतो," बाबांनी खरं ते सांगून टाकलं. त्या दिवसापासून डेपोत त्यांचं नाव सरळदादा पडलं.

दुसऱ्या वेळी चढावर एक सायकलवाला आडवा आला. बाबांनी सवयीनं डावा पाय आपटला. तिथे घंटा नव्हती, क्लच होता. बस मागे मागे घरंगळू लागली. साहेबांनी या वेळी काही विचारलंच नाही, नुसतं लिहिलं.

मग आईनं सूत्रं हातात घेतली. मोठ्या पातेल्याचं झाकण तिनं बाबांच्या हातात दिलं. घरात कुठेही जायचं तर झाकण धरून, आणि प्रत्येक दाराशी ते फिरवून. अंघोळीला जातानासुद्धा. आई पाठमोरी असायची, तरी तिला बरोबर कळायचं. "अहो, न वळवता आलात. परत जा." बाबा निमूटपणे मागे जाऊन पुन्हा यायचे. त्यांच्यामागे प्रवासी म्हणून मी. आम्ही दोघी हसून हसून बेजार व्हायचो. पण एकदा मी त्यांना दारात झाकण धरून, डोळे मिटून उभं असलेलं पाहिलं आणि माझं हसू पळालं. एकोणीस वर्षं अंगात मुरलेलं विसरायला बसला होता तो माणूस.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. बस आली. बाकीची सगळी वळणं बाबांनी नीट घेतली होती, असं मागाहून कळलं. दुपारचं ऊन रुळांवर पडून ते नव्यासारखे चमकत होते. काचेतून मला बाबांचे हात दिसले. ते सैल पडले. "बाबा, वळवा," एवढंच ओरडायचं होतं आणि तेवढा वेळही होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. साहेबांनी हातब्रेक ओढला तेव्हा भिंत वीतभर उरली होती.

बाबांना शेडमध्ये बसगाड्या लावायचं काम मिळालं. बावीस वर्षं त्यांनी चालत्या माणसाच्या वेगानं, आरसे दुमडून, फरशीतल्या रुळांच्या रेषेत गाड्या नेऊन लावल्या. एकही तसूभर वाकडी नाही. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मला ती ऐकावी लागली असती तर बरं वाटलं असतं.

पुढे मी त्याच डेपोत चालक झाले. वडिलांची इच्छा पुरी केली, असं लोक म्हणतात. म्हणू देत. खरं तर मलाच ती काच हवी होती. रोज फाटकातून आत यायचं, बस बाबांच्या ताब्यात द्यायची आणि घरी जायचं. माझ्या बसमध्ये बसायला त्यांना मात्र सवड झाली नाही, ती थेट निवृत्तीच्या दिवशी झाली. शेवटच्या फेरीला ते माझ्यामागच्या पहिल्या बाकावर येऊन बसले, मांडीवर डबा, डब्यावर हात.

गाव येत होतं. मला राहवलं नाही. "बाबा, त्या दिवशी मी फाटकाशी होते. ओरडायला हवं होतं मी."

"बघितलं होतं तुला," ते म्हणाले. दोन थांबे गेले. मग म्हणाले, "ओरडली असतीस तर वळवली असती मी. आणि मग आयुष्यभर वळवतच बसलो असतो."

हे माझं समाधान करायला म्हणाले की खरंच, कोण जाणे. तेवढ्यात फाटक आलं. मी वेग कमी केला. आरशात पाहिलं, तर डब्यावरचे त्यांचे हात सैल पडले होते आणि डोळे अर्धवट मिटले होते. मी दोन्ही हातांनी जोर लावून स्टिअरिंग फिरवत होते. बस डावीकडे वळून शेडच्या सावलीत शिरली.

"बघ," बाबा हळूच म्हणाले, "वळली की आपली आपण."

"हो बाबा," मी म्हटलं.